अपूर्णविराम

तपकीर गल्लीतून आणला तेव्हा झाकणावर
कुठल्याशा बँकेचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं होतं.
आठ हजार सातशे. विंडोज हवं तर वेगळे पैसे.
नको म्हटलं.
रेवूनं सांगून ठेवलं होतं, नको म्हणा.

रेवू धायगुडे, वरच्या मजल्यावरची,
पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला.
तिनं लिनक्स चढवलं, चहाला नाही म्हणाली,
आणि माझ्यासाठी एक चिमुकला प्रोग्रॅम लिहून दिला.
नाव 'तपास'. शब्दांच्या यादीशी ताडून चुका धरतो.
"सगळ्या नाही धरत हं, काकू.
उरलेल्या तुम्ही धरा."
मग गेली चाकणला, ट्रेनिंगला.

छत्तीस वर्षं नारायण पेठेत मुद्रितं तपासली मी.
खिळे गेले, मग प्रेस गेली,
आता पानं मेलवर येतात
आणि चुका त्याच असतात.

तपास चालेना.
कमांड नॉट फाउंड.
मान वर न करता
"आमच्याकडे नाही" म्हणावं, तसं.
पण आहे की! फोल्डर उघडून पाहिला मी.
'काकू' असंच नाव दिलंय पोरीनं त्याला.

फोनवर म्हणाली, "त्याला पाथ सांगावा लागतो.
सुई हवी असली की तुम्ही कुठे जाता?"
आधी बोहरी आळी. नाही तर तुळशीबाग.
तिथेही नाही तर मंडईमागचं ते बटणवाल्याचं दुकान.
"तेच. ही यादी म्हणजे पाथ.
यादीत नसलेल्या गल्लीत तो पाऊल टाकत नाही.
आणि नुसतं तोंडी सांगू नका,
खिडकी मिटली की विसरतो. फाइलीत लिहा.
ती दिसायची नाही, नावाआधी टिंब आहे."

टिंब डोक्यावर असलं की नाकात बोलायचं,
एवढं ठाऊक होतं.
पुढे असलं की दडून बसायचं,
हा नियम नवा.

"आणि दोन गल्ल्यांच्या मध्ये कोलन."
"अपूर्णविराम," मी म्हटलं.
"तेच ते," म्हणाली. तिच्यामागे कुठलंसं यंत्र घरघरत होतं.

लिहिलं. एक्स्पोर्ट, डॉलर, सगळं, एकेक अक्षर चष्म्याखालून.
खिडकी मिटली, उघडली.
नॉट फाउंड.
पुन्हा लिहायला काय झालं होतं, पण लिहिलं नाही.
चुकलेली ओळ पुसून टाकणं
हे तपासणाऱ्याचं काम नव्हे.
साडेअकराला समोरच्या इमारतीतला टीव्हीही थांबला.
मी ड्रॉवरमधून खिळ्यांच्या वेळचं भिंग काढलं
आणि पडद्याला नाक लावलं.

दोन ठिपके. बरोबर.
पण आधीच्या गल्ल्यांमधले ठिपके चौकोनी,
आणि माझे गोल,
आणि किंचित पोकळ.

विसर्ग!

कळफलक मराठीत राहिला होता,
आणि बोटांनी, विचारल्याशिवाय,
त्यांना माहीत असलेले दोन ठिपके दिले होते.
हसले. एकटीच, मोठ्यानं.
किती कंपोझिटरांशी भांडले असेन मी यावरून,
'अरे, विसर्ग वेगळा, अपूर्णविराम वेगळा,
एक उच्चारायचा, एक थांबायचा.'
माधव पाटसकर तर म्हणायचे,
'बाई, वाचणाऱ्याला काय फरक पडतो?'
पाटसकर, पडतो.
यंत्राला पडतो.

काढला. अपूर्णविराम ठेवला. खिडकी मिटली, उघडली.
तपास.
चालला!

एका निवृत्त नर्सच्या आठवणी होत्या, एकशे बारा पानं.
दुसऱ्याच ओळीत त्यानं पहिला शब्द लाल केला.
दुःख.

रेवूची यादी उघडली.
तिनं 'दुख' लिहिलंय. विसर्गाशिवाय.
वय एकोणीस.

तिथे तो ठेवून दिला मी,
मघाशी काढलेला होताच हाताशी.
रेवूला कळवलं नाही.
सुटीला आली की सांगेन,
किंवा सापडेल तिचं तिला.