खरं

मोबाईलवर अकरा खिडक्या उघड्या आहेत.
एकीत पहिली भेट एकोणपन्नास रुपयांत,
एकीत हसरी बाई, मागं कुंडीतलं झाड.
तिसरी विचारते :
हाती घेतलेलं काम अर्ध्यात टाकून उठता का?
चौथ्या प्रश्नाला मी उठले
कुकर बंद करायला.
कुकर लावलाच नव्हता.

बेचाळीस वर्षं हे सगळं
स्वभावाच्या खात्यात जमा करत आले.
उद्यमबागेत फाउंड्रीची बिलं करते,
लोकांचा हिशेब पैशाला पैसा जुळतो,
खरं माझी किल्ली कुठं, विचारू नका.
आई म्हणायची, या पोरीच्या डोसक्यात
वडगावातले सगळे माग एकदम चालत्यात
आणि वारभर कापड निघंना.

रात्री तेच माग छातीत.
जीएसटीची तारीख, गॅसचं बटण,
साहेब सकाळी ‘बघू’ म्हणाले ते कसलं बघू.

भाऊ म्हणतो, गावातलाच डॉक्टर बघ की.
गावातला म्हणजे पाटी, पाटीखाली बाकडं,
बाकड्यावर आमच्या गल्लीतल्या निलव्वा मावशी,
गुडघ्याला म्हणून आलेल्या.
दोघींनी एकमेकींना गुडघेच सांगायचे.

मग वही आणली, रकाने आखले :
फी किती, डॉक्टर नक्की कोण,
गोळी लिहून दिल्यावर पुढं कोण विचारणार,
माझी झोप ते कुणाला विकणार.
दोन रकाने भरले. तिसऱ्याला
हिरव्या पेनानं नक्षी काढत बसले.
वही चार दिवसांनी फ्रिजमध्ये मिळाली, मेथीखाली.

राज्य निवडा, म्हणतात.
कर्नाटक दाबलं की भाषांच्या यादीतनं मराठी जाते.
महाराष्ट्र दाबलं की येते,
खरं मग पाच-नऊ-शून्यचा पिन घेत नाहीत.
या रकान्यापायी आजोबांनी पाठीवर लाठी घेतली.
मी नुसतं बोट फिरवते,
वर, खाली.

एकदा पुण्याचा नंबर लागला. तरुण पोरगा, गोड आवाज.
म्हटलं, दिवसा बरं असतं खरं...
‘खरं ना? छान!’ म्हणाला, आणि कुठंतरी खूण केली.
आमच्याकडं खरं म्हणजे पण.
माझा प्रत्येक पण त्यानं
सत्य म्हणून लिहून घेतला.
सातव्या मिनिटाला गोळीचं नाव,
आठव्याला वर्षाचं पॅकेज.

धारवाडच्या बाईंचं पान दिसायला वंगाळ.
झाड नाही, हसणं नाही, नोंदणी क्रमांक तेवढा ठळक.
डॉ. तेग्गी. त्यांचा फोन आला तेव्हा
मी दुसऱ्या गेटला अडकलेली, मालगाडी संपंना.
कॅमेरा बंद ठेवला.
‘गाबरि आगतैतेनु?’ त्यांनी विचारलं.
माझाच शब्द, नुसता घ चा ग झालेला.
घसा दाटला. डबे मोजत राहिले,
एकतीसनंतर चुकले.

मग त्यांच्या मोडक्या मराठीत :
कितवीपासून असं? झोप? थायरॉईड कधी तपासलं?
चौथीचं प्रगतिपुस्तक असलं तर शोधा.
आज गोळी नाही, आज नुसतं ऐकते.
नाव काय ठेवायचं याला, ते दोन-तीन भेटींनंतर.

म्हटलं, येते गुरुवारी, खरं विसरीन.
त्या थांबल्या.
‘तुमचं खरं म्हणजे पण, होय की नाही?’
होय.
‘मग विसरणार हे धरूनच चालू.
बुधवारी मी फोन लावते.’

गेट उघडलं. मागून हॉर्न.
पर्स उलटीपालटी केली, किल्ली
स्कूटीलाच लोंबत होती.

रात्री दहा खिडक्या मिटल्या.
अकरावीपण मिटली, चुकून.
उठून परत शोधली.