पुन्हा काट्यावर

बांबोळीच्या ओपीडीत डॉक्टर कुलासो
माझ्या डोळ्यांच्या कडेच्या हाडांवर
आरसेवाली पट्टी टेकवतात. थंडगार.
"कुंदा मळीक. उजवा एकवीस, डावा तेवीस."
मिलिमीटर. खोबणीतून डोळे
किती बाहेर आले, त्याचं माप.

अर्ध्या तासाने शिकाऊ डॉक्टर केंकरे.
तीच पट्टी, तीच मी.
"बावीस. बावीस."
दोघं एकमेकांकडे बघतात. मी दोघांकडे,
म्हणजे चौघांकडे.

मग, "वयर पळय. सकयल पळय. दुखतं?"
डिचोलीहून दोन बसने आलेल्या बाईचं
काय काय दुखतं, त्यातलं डोळ्याचं किती?
पापणी सुजली आहे: कुलासो म्हणतात, हो.
केंकरे म्हणतो, मूळचीच अशी असेल.
पांढऱ्यात लाली:
खिडकीपाशी आहे, ट्यूबलाइटखाली नाही.
सातापैकी त्यांच्या हिशेबाने तीन, याच्या हिशेबाने दोन.
तीन, तर सलाईनमधून स्टेरॉइड, बारा आठवडे.
दोन, तर थांबा, बघू.

मी गप्प. पण खाण बंद पडेपर्यंत
अठरा वर्षं वजनकाट्यावर बसले आहे मी.
तोच ट्रक सकाळी एक भरतो, दुपारी दुसरं.
ड्रायव्हर उतरला की नाही,
मागचं चाक पुरतं चढलं की नाही,
आकडा वाचणाऱ्याला भूक लागली की नाही.
आणि एक होता दोन नंबरचा काटा,
कधीच न डगमगणारा:
दर वेळी बरोब्बर चाळीस किलो कमी.
सगळे म्हणत, काय भरवशाचा!

घरी तसाच एक आहे.
रोज रात्री विचारते, वाढले का हो?
पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "कालच्यासारखेच."
चौदा महिने कालच्यासारखेच.
मतदार कार्डावरची बाई
आता माझी धाकटी बहीण वाटते,
जिला अजून कशाचंच आश्चर्य वाटलेलं नाही.
खरं माप देते ती मासळीवाली मार्था:
"बाय, अशी डोळे काढून बघू नको गं,
घे, दहा कमी दे."

कुलासो पेन उघडून थांबल्या.
"तुम्ही काम काय करत होता?"
सांगितलं.
"आकडे जुळले नाहीत की काय करायचात?"
ट्रक मागे घ्यायचा, म्हटलं. पुन्हा चढवायचा.
दोन्ही वजनं पावतीवर, खाली वेळ,
आणि काट्यावर कोण होतं त्याचं नाव.

त्या हसल्या नाहीत.
केंकरेला म्हणाल्या, खिडकी लाव, दिवा एकच ठेव.
मला म्हणाल्या, "मागे घ्या."
मी मान मागे घेतली,
सावकाश पुन्हा पुढे आणली,
भरल्या गाडीसारखी.

पणजीच्या स्टँडवर बसची वाट बघताना
मांडवीवरचे पूल मोजले.
तीन आहेत. मला सहा.
डावा डोळा हाताने झाकला: तीन.
उजवा झाकला: तीन.
पण तेच तीन नव्हेत,
जरा वर सरकलेले,
आणि त्यांच्यावरूनही गाड्या चालल्या होत्या.