पाण्याची वेळ

कोर्चात नळाला पाणी यायचं पहाटे चार ते साडेपाच.
बाबा तेव्हाच बोलायचे.
मोरीत, नळ पूर्ण सोडून,
आईच्या कानाशी.
बाकी दिवसभर आमच्याकडे
थंडी, बटाटे,
आणि पक्षाच्या कृपेने सगळं बरंय, एवढंच.

भिंतीपलीकडे नाफिये राहायची.
तिची वाटी आमच्याकडे, आमची तिच्याकडे.
वाटीबरोबर आणखी काय जायचं
ते कुणी विचारलं नाही.

मी पांघरुणातून ऐकायची. खळखळ, खळखळ.
मधेच एखादा शब्द पाण्याबाहेर डोकं काढायचा:
पेर्तेफ (माझा काका).
तांब्याची खाण.
अजून सहा.
सहा वर्षं की सहा माणसं, कळायचं नाही,
तेवढ्यात परत बुडायचा.

एका पहाटे नळ नुसताच घुरघुरला.
बाबा पालथ्या बादलीवर बसलेले,
ओठ हलतायत, आवाज नाही.
आई भिंतीकडे बघतेय.

सात वर्षांची होते. उठले,
चुलीवरची किटली आणली
आणि परातीत बारीक धार धरली.
म्हटलं, बोला, अर्धी भरलेली आहे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
दारात अनोळखी बूट दिसले की पाहायचे,
तसं.