पावती

इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो.
बस दोह्याच्या कडेला सोडते, उन्हात.
पिशवी उघडून दाखवायची: बाटली, शास्त्र, ओढणी.
मग एकाच भिंतीआड सगळ्यांची देवळं,
बाहेरून कशावरच क्रूस नाही,
आपलं कुठलं ते गर्दीच्या भाषेवरून ओळखायचं.

हिल्डा मिस्सेला वळते,
शोशाम्मा डोक्यावर पदर घेऊन धुपाच्या वासाकडे,
रिबेका तळघरातल्या हॉलमध्ये, टाळ्यांत.
मी दुसऱ्या मजल्यावर. मराठी उपासना, तीन ते साडेचार.
तेलुगू मंडळी नुकतीच उठलेली,
खुर्च्या अजून उबदार.

रात्री चौघी एका खोलीत.
फ्रिज एक, कप्पे चार.
रिबेका म्हणते, तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडलं
तो काही बाप्तिस्मा नव्हे.
हिल्डा म्हणते, आमच्यात स्नानसंस्कार म्हणतात,
आणि तो एकदाच.
शोशाम्मा तांदूळ निवडता निवडता,
आमच्याकडे थोमा आला तेव्हा तुमच्याकडे कोण आलं होतं गं?
हसतो आम्ही. बहुतेक वेळा.

फेब्रुवारीत अप्पा गेले.
शिमोन ओहोळ, सायकल दुरुस्ती, शेवगाव.
मंडळीच्या फळ्यावर लिहिलं, प्रभूमध्ये निजले.
मला रजा मिळाली नाही.
दफन फोनवर पाहिलं.
धरणाऱ्याचा अंगठा अर्ध्या पडद्यावर,
अंगठ्याच्या कडेने माती.

आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत.
गेला तो धन्याच्या हातात गेला,
आता मध्ये बोलणं म्हणजे धन्यावर अविश्वास.
अप्पाच सांगायचे हे,
चाकाला आरे बसवताना, वर न बघता.

हिल्डाने न विचारता त्यांच्या नावाने मिस्सा लावली.
दहा रियाल.
पावती माझ्या उशीखाली:
सायमन ओहोल यांच्या आत्म्यास शांती.

मी भांडले. फार वाईट भांडले.
म्हटलं, माझा बाप तुमच्या शुद्धीस्थानात अडकलेला नाही,
दहा रियाल भरून सोडवायला
तो काय कस्टममधला खोका आहे?
ती काही बोलली नाही.
खोलीत मेणबत्ती चालत नाही, धुराची घंटा वाजते,
म्हणून तिने सेलवरची लावली.
प्लास्टिकची ज्योत. फुंकर घातली तरी विझत नाही.
खाली बटण.

मी दातांच्या दवाखान्यात आहे.
दिवसभर परक्यांच्या उघड्या तोंडात दिवा धरते.
त्यांना बोलता येत नाही. डोळ्यांनी काहीतरी मागतात,
कुणाकडे, ते मी विचारत नाही.
त्या आठवड्यात एक म्हातारा आला होता,
जबडा बधिर, जीभ बधिर,
बोटं मात्र मण्यांवर चालू.
डॉक्टरबाई म्हणाल्या, दिवा हलवू नकोस.
मी हलवत नव्हते.

घरी आले. हिल्डा रात्रपाळीला.
कोपऱ्यात ज्योत लुकलुकायला लागलेली, सेल उतरत आलेले.
विझेल आज-उद्या.
विझली तर आमच्या शिकवणीप्रमाणे काहीच बिघडत नाही.
अंथरुणावर पडले. उठले.
रिमोटमधले दोन सेल काढले
आणि त्यात घातले.

ही प्रार्थना नव्हती, असं मी रिबेकाला सांगितलं.
तिने विचारलं, मग काय होतं?
तिला अन्य भाषा येतात,
मला एकच येते, तीही अडली.

पावती शास्त्रात ठेवली आहे, अप्पांच्या जुन्या शास्त्रात,
रोमकरांच्या पत्रापाशी,
जिथे त्यांच्या ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय.
अधूनमधून काढून वाचते.
नाव चुकलेलंच आहे.
ती मिस्सा मग कुठल्या सायमनला पावली असेल,
त्याच्यासाठी मागणारं कुणी
होतं की नव्हतं कोण जाणे.

पलीकडून शोशाम्मा ओरडते आहे,
रिमोटला काय झालंय म्हणून.