खवले

मातोझिन्योशच्या मासळीबाजारात एक सोय होती:
हातावर खवले दिसले तरी
कुणी विचारत नसे, कुणाचे.
दिवसभर सार्डिन साफ करायचो,
संध्याकाळी नळाखाली हात धरायचो.
सार्डिनचे निघून जात.
माझे राहत.

एकोणीस वर्षं रक्तात एक आजार,
तो कुणाला दिसला नाही.
सात वर्षं कातडीवर दुसरा,
तो बाजारभर दिसला.
ज्याच्यासाठी गाव सोडलं असतं तो गुपचूप राहिला,
आणि जो कुणाला लागतसुद्धा नाही
त्याच्यापायी मी भर ऑगस्टात लांब बाह्या घातल्या.

कातडीच्या डॉक्टर कितेरिया म्हणाल्या,
नवी सुई आहे, द्यावी.
रक्ताचे डॉक्टर तोरक्वातो म्हणाले, थांबा.
मग दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला,
एकाच इस्पितळात, चौथ्या मजल्यावरून सहाव्यावर,
आणि टपालवाला मी.
"पहारेकरी आधीच मोजके, त्यांना झोपवायचं?"
"तेच मोजके घरची भिंत खणतायत.
झोपवायचं नाही कुणाला,
एका निरोप्याला फक्त दारात अडवायचं."
मी म्हटलं,
भिंतीलाही जरा बोलायचं होतं.

क्षयाची तपासणी झाली. यकृताची झाली.
सीडी-फोर पाचशे ऐंशी.
विषाणू: सापडत नाही.
नाही असं नाही हं,
सापडत नाही.
या दोहोंमधल्या फटीतच
माझं बिऱ्हाड आहे.

आता सुई फ्रीजमध्ये असते, लोण्याच्या शेजारी.
अर्धा तास आधी बाहेर काढायची, नाहीतर गार झोंबते.
तेवढ्यात मी भांडी घासतो, रोजची गोळी घेतो,
आणि सुईला बजावतो,
बाई, आत जुनी मंडळी आहेत,
जपून.

तिसऱ्या महिन्यात एक कोपर दिसलं.
गुलाबी,
नव्या भाडेकरूसारखं बिचकलेलं.
सकाळी चादर झटकली, काही पडलं नाही.
पुन्हा झटकली.

दोना ऑर्लांदा अजून सुटे पैसे
ओल्या संगमरवरावरच ठेवतात.
सवय.
त्या वळल्यावरच मी उचलतो.
माझीही.
काल त्यांची नात आली एकटीच, सहाएक वर्षांची.
कट्टा तिच्या डोक्याच्या वर,
म्हणून तिने नाणी मुठीत उंच धरली.
मी हात पुसला,
पालथा केला, परत पुसला,
बोटांच्या बेचक्यांतून पुसला.

"एर्कुलानोकाका," ती म्हणाली,
"माझा हात दुखतोय."