अकरावे

रात्री साडेअकरानंतर
कोपरखैरण्याच्या सेक्टर एकोणीसमध्ये
ज्या खिडक्यांत निळा उजेड हलतो
त्यातली एक माझी.
मांडीवर उशी, उशीवर मोबाइल,
कानात तिघांचे श्वास.

दर्पण भोईर, दिवाळे गावचा.
उतरला की आधी उंची शोधतो.
पाण्याची टाकी, मनोरा, गच्ची, काहीही.
लांब पल्ल्याची बंदूक मांडून आडवा होतो
आणि मग वीस मिनिटं नुसता असतो.
आम्ही ओरडतो, "दर्प्या, मेलास का?"
तो म्हणतो, "गप. भरती येतेय."
काकाची होडी अजून खाडीत आहे त्याच्या,
थांबणं म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं.
एका डावात एकच गोळी मारतो.
ती लागते.
न लागल्याची गोष्ट तो सांगत नाही.

ऐरोलीची केतकी वेचते.
घरामागून घर, पलंगाखाली, जिन्याखाली,
गोळ्या, दुर्बिणी, धुराचे गोळे.
थैली भरते तरी पाय निघत नाही.
"असू दे गं, लागेल."
लागत कधीच नाही.
ती मेली की तिच्या पेटीभोवती
शत्रूची पंगत बसते.
लग्नातला डिनर सेट अजून खोक्यात आहे,
हे तिनंच सांगितलं होतं एकदा,
एका झुडपात लपलेलो असताना.

मी पट्ट्या बांधते.
कुणी पडलं की सरपटत जाते,
गुडघ्यावर बसते, दहा सेकंद.
त्या दहा सेकंदांत मला मारणं फार सोपं.
शेवटच्या तक्त्यावर मारलेल्यांचा आकडा ठळक येतो,
उचललेल्यांचा बघायला बोटानं सरकवावं लागतं.
मी सरकवते.

आणि अल्ताफ.
अल्ताफ दार उघडतो.
बस. एवढंच करतो तो.
आत एक असो की चौघं,
पावलं ऐकू येवोत न येवोत,
"चला चला चला" म्हणत आत
आणि सहाव्या सेकंदाला जमिनीवर:
"ताई, पट्टी!"
किती शिव्या घातल्या त्याला.
अक्कल गहाण टाकलीस, मरायची घाई,
आमचाही जीव घेतोस.
तो हसायचा, मागे त्याचा पंखा खडखडायचा.

मंगळवारी अल्ताफ आला नाही.
तुर्भ्याच्या मार्केटात रात्रपाळी लागली,
बटाट्याच्या गाड्या, दोन ते सात.
त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही.
शहाणे तिघं उतरलो.

छान चाललं होतं.
कुणी पडलं नाही, कुणी ओरडलं नाही.
वर्तुळ आवळत आलं
आणि एका पिवळ्या घरापाशी अडलो.
आत कुणीतरी होतं.
दर्पण टाकीवरून बघतोय, खिडकीत कुणी येईना.
केतकीची थैली फुगलेली.
माझ्याकडे पट्ट्याच पट्ट्या, जखमी कुणी नाही.
तीन मिनिटं आम्ही त्या दाराकडे बघत राहिलो,
सोसायटीच्या मीटिंगमध्ये
"मग सेक्रेटरी कोण होतंय?" विचारल्यावर
लोक पंख्याकडे बघतात तसं.

शेवटी मीच उघडलं.
काय वाटलं म्हणून विचाराल, तर काही नाही.
वेळच नव्हता.
दार, उजेड, फरशी.
पडल्या पडल्या तोंडातून निघालं, "ताई, पट्टी!"
ताई तर मीच.

तेव्हा केतकीनं थैली मोकळी केली.
आठही धुराचे गोळे, एकामागून एक,
इतका धूर की आम्हालाच काही दिसेना.
त्या पांढऱ्यात ती चाचपडत माझ्यापाशी पोचली,
"कुठलं बटण? कुठलं बटण गं?"
आणि दर्पण, आयुष्यात पहिल्यांदा,
टाकीवरून खाली यायला निघाला.
अर्ध्या शिडीवर त्याला गोळी लागली.

अकरावे आलो.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अल्ताफचा मेसेज,
"काल कसं झालं?"
अकरावे, मी लिहिलं.
"दार कुणी उघडलं?"

दूध तापत होतं.
"मी" लिहिलं, पुसलं.
मग लिहिलं,
उघडंच होतं.