शंभराची घंटा

यंत्र आलं सामुद्रधुनीच्या वाटेने, बोटीतून,
लाकडी खोक्यात, चार माणसांनी तोलून धरलेलं;
वारा असा, की दाराशीच ते
दोनदा भिंतीवर आपटता आपटता राहिलं.
कन्सेप्सिऑनहून आलेला बाल्तासार
तीन दिवस त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता,
नवी घोडी पागेत बांधताना बोलतात तसा.
चौथ्या दिवशी म्हणाला,
"नेवेंकाबाई, आता मान वर करा."

एकतीस वर्षं मान खाली होती.
गिम्साच्या रंगाने जांभळी पडलेली नखं,
डाव्या हाताशी मोजणीची डबी, आठ बटणांची;
प्रत्येक पांढऱ्या पेशीला एक टिचकी,
शंभर झाल्या की बारीकशी घंटा.
पुंता अरेनासच्या या इस्पितळात
रात्री दोनला ती घंटा ऐकू आली
की जिन्याखालचा पहारेकरी समजायचा,
कुणाचं तरी रक्त मोजून झालं.

शितावरून भाताची परीक्षा, हाच आमचा धंदा.
थेंबभर रक्त, काचेवर एका झटक्यात ओढलेलं,
कडेला पिसासारखं विरत गेलेलं.
आता तेलाचा थेंबही यंत्रच टाकतं.
डोळ्यांत तेल घालून जागायचे ते मी;
याचं भिंग रात्रभर तेलात बुडतं
आणि जांभई देत नाही.

पडद्यावर पेशी येतात एकेकट्या,
चौकोनात कापलेल्या, पासपोर्टच्या फोटोसारख्या,
कान दिसतील असे केस मागे सारून.
न्यूट्रोफिल इकडे, लिम्फोसाइट तिकडे,
चिरडलेल्यांचा एक कप्पा,
आणि एक 'ओळख पटली नाही' असा.
तिथे आले की मला आजोबा आठवतात,
ब्राच बेटावरून आलेले;
इथल्या बंदरातल्या कारकुनाने
त्यांच्या आडनावातली दोन अक्षरं
पाण्यात टाकून दिली होती.

खोटं कशाला बोलू, मानेला बरं वाटतं.
आणि जूनमधल्या त्या लांबलचक रात्री
दोनशेंत एकच होती,
कोवळी, वेळेआधी बाहेर पडलेली.
मी तिला लिम्फोसाइट म्हणून पुढे ढकललं असतं.
यंत्राने बाजूला काढून ठेवलं.
मुलगी नऊ वर्षांची. सांतियागोच्या विमानात वेळेवर बसली.
त्या पहाटे मी यंत्रावरची धूळ
माझ्याच रुमालाने पुसली.
यास्ना हसली. हसू दे.

मग तिएरा देल फुएगोवरून
एका मेंढ्या कातरणाऱ्याचं रक्त आलं:
नारिंगी दाण्यांनी ठासून भरलेल्या पेशी,
शंभरात एकतीस.
यंत्राने बरोबर मोजल्या,
मीही तेवढ्याच मोजल्या असत्या.
यास्नाने आकडा मान्य केला, कळ दाबली.
मी फोन उचलला:
"डॉक्टर, त्याला विचारा, कुत्री किती पाळलीत?
मेंढीची फुप्फुसं कच्चीच टाकतो का त्यांच्यापुढे?
आणि यकृताची सोनोग्राफी करून घ्या."
"हे यंत्राने सांगितलं?"
"नाही, माझ्या मामाने. तो यातच गेला.
सात कुत्री होती त्याची."

यंत्राचा यात दोष नाही.
चौकोनात सात कुत्री मावत नाहीत.

यास्ना घरी गेली की कधीमधी
जुन्या सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढते.
निकाल लागून गेलेली, टाकूनच द्यायची एखादी काच.
सरकत सरकत कडेपर्यंत जाते,
जिथे रक्त विरळ होतं,
तांबड्या पेशी एकमेकींचे हात सोडवत पांगतात
आणि एखादी पांढरी त्यांच्यात
अंग चोरून उभी असते,
आपण चौकातल्या दोराला धरून
वारा ओसरायची वाट बघतो तशी.
तिला मी नाव देत नाही.
बाहेर दोर वाजत राहतात.
डबी खणात आहे. घंटा होत नाही,
मी मोजत नसते.